आत्याच्या कुर्त्याची डावी शिवण

माझ्या आत्याला घरात सगळे भिंगरी म्हणतात, आणि तिच्या तोंडावर म्हणतात. तयार कपड्यांच्या कारखान्यांतली शिलाई मशीन दुरुस्त करत ती तीस वर्षं गावोगाव एकटी फिरली. कुठे महिना, कुठे चार. जेवायला बसली तरी तिचा एक पाय हलत असतो.

मला परक्या शहरात नोकरी लागली तेव्हा बाबांनी अट घातली. "भिंगरी बरोबर येईल. तिनं वस्ती पसंत केली तर राहा, नाहीतर तिच्याच बसनं परत ये." परतीची बस पाचची होती. मला दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर व्हायचं होतं. दोन वर्षं घरात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याचे टोमणे ऐकून मिळालेली नोकरी ती. मी परत जाणार नव्हते, कुणी काहीही म्हणो.

खोलीसुद्धा मी फोनवर बघून ठेवली होती. पिवळं घर, तिसरा मजला, मोठी खिडकी. मालकाशी बोलणं झालं होतं. पण आत्या ऐकेल तर शपथ! अकराला उतरलो आणि ती म्हणाली, "खोली नंतर. आणखी दोन वस्त्याही बघू. आधी शिंपी."

तिच्या पिशवीत एक निळा कुर्ता असतो. नव्या वस्तीत शिरायच्या आधी ती त्याची डावी शिवण वीतभर कापते आणि तिथल्या शिंप्याकडे घालायला देते. तो टीप मारेपर्यंत बाकावर बसते आणि कान उघडे ठेवते. कुर्ता उलटा केला की त्या शिवणीत पांढरा, काळा, मरून, एका ठिकाणी तर चक्क पोपटी दोरा दिसतो. कापड तिथे चाळणीसारखं झालंय.

"अगं, तू स्वतः मशीनवाली. लोक हसतील," मी म्हटलं.

"हसू देत. शिंप्याकडे बसलं की अख्खी गल्ली आपणहून येऊन बोलते."

पहिली वस्ती मला फार आवडली. रुंद रस्ते, झाडं, बंद फाटकं, चिटपाखरू नाही. शिंपी शोधायलाच पाऊण तास गेला. तो भला माणूस होता, पण त्याला शेजारच्या घरात कोण राहतं हेही माहीत नव्हतं. "इथे तू ओरडलीस तर फार तर कुत्रं भुंकेल," आत्या म्हणाली आणि चालायला लागली. बॅग माझ्या खांद्यावर, हे वेगळं सांगायला नको.

दुसरीकडचा शिंपी भलताच बोलका निघाला. वरच्या मजल्यावरची मुलगी कितीला येते, कुणाबरोबर येते, खिडकी कधी उघडी असते, सगळं त्यानं न विचारता सांगितलं. मी खूश. चला, माहितगार तरी भेटला! आत्यानं कुर्ता घेतला आणि बाहेर येऊन म्हणाली, "तिचं आपल्याला सांगितलं, उद्या तुझं कुणाला सांगेल?"

तोवर अडीच वाजून गेले होते. माझं डोकं फिरलं. भर रस्त्यात मी तिच्यावर ओरडले. "तुला कुठलीच जागा आवडायची नाही! तू जन्मभर पळत राहिलीस, आता मलाही परत ने!" ती फक्त पिवळ्या घराकडे वळली. मला वाटलं, जिंकले.

पिवळ्या घराखालीच शिवणकामाचं एक चिमुकलं दुकान होतं. दुकानवाली बाई मान खाली घालून मशीन चालवत होती. आत्यानं कुर्ता पुढे केला, बाकावर बसली, पण तिचा पाय काही थांबेना. मशीन टाके सोडत होतं आणि ते तिच्या कानांना सहन होईना. शेवटी उठलीच. "ताई, जरा सरका." बॉबिन काढली, खालचा कचरा फुंकला, सुई बदलली. मशीन सुरळीत चालायला लागलं.

बाईनं कुर्त्याची शिवण उजेडात धरली. आतले सगळे दोरे पाहिले. "एवढी जाणकार तुम्ही, आणि सरळ टीप घालायला माझ्याकडे?" ती म्हणाली. "आणि हे उसवलेलं नाही. ब्लेडनं कापलंय."

तीस वर्षांत आत्याची चोरी पहिल्यांदाच पकडली गेली होती. ती लाल झाली.

बाईनं माझ्या बॅगकडे पाहिलं. "खोली हिला हवीय? वरची?" मी मान हलवली. तिनं आधी जिन्याकडे पाहिलं, मग मशीन मुद्दाम जोरात चालवलं आणि त्या आवाजात म्हणाली, "घेऊ नका. मालकाकडे दुसरी चावी असते. मुलगी आत असतानाही तो ती लावून दार उघडतो. दोघी सोडून गेल्या. हे दुकानही त्याचंच आहे, म्हणून त्यांना मी काही बोलले नाही."

त्याच माणसानं मला फोनवर विचारलं होतं, "एकटीच ना?" आणि मी मोठ्या तोऱ्यात "हो" म्हटलं होतं.

आत्या मटकन बाकावर बसली. तिचा पाय थांबला होता. "माझ्या पहिल्या गावात अशीच चावी होती," ती म्हणाली. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. "अकरा रात्री दाराला पेटी लावून बसून काढल्या. खालच्या वाण्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं गं. सांगितलं कुणीच नाही."

मघाशी रस्त्यात मी तिला काय बोलले ते आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरच्या घरात त्या बाईची नणंद राहायची, एकटी. तिची मागची खोली रिकामी होती. आत्यानं जाऊन आतली कडी दहादा ओढून पाहिली.

"पण गल्ली तर तीच ना? तो माणूस समोरच," मी म्हटलं.

"नालायक माणूस प्रत्येक गल्लीत असतो, बये. सांगणारी प्रत्येक गल्लीत नसते. राहा इथेच." तिनं बाबांना फोन लावून दोन शब्दांत कळवलं.

साडेचारला ती कुर्ता घ्यायला दुकानात आली. "ताई, दुहेरी टीप मारा," ती म्हणाली. "आता नाही उसवायची."

मी विचारलं, "आणि मला पुढे आणखी कुठे जावं लागलं तर?"

"तुझ्याकडे कुर्ते नाहीत?" असं म्हणून तिनं पर्समधून ब्लेड काढलं, कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवलं आणि बस गाठायला निघाली.