सकाळी धडधाकट मैना

पालीच्या बचत गटात फणसाचे पापड लाटायला मैनेसारखा हात दुसरा नव्हता. पण वर्षभर झालं, दुपार टळली की त्याच हातातून लाटणं सुटायचं, डावी पापणी खाली यायची, बोलणं नाकातून यायचं. आणि सकाळी उठली की पुन्हा ठणठणीत! मग सासू सगुणा कशाला विश्वास ठेवील?

"सकाळी हंडा उचलतेस नि दुपारी लाटणं उचलत नाय? जल्ला मेला तुझा आजार! बरा कामाच्या वेळी येतो!"

शेजारणी त्याहून वरचढ. म्हणे कॅल्शियम कमी झालं. नाचणीची आंबील झाली, तीळ झाले, मैनेला वीट आला, पण पापणी काही वर राहीना. बरं, डॉक्टरकडे जायचं तर सगुणेचा कायदा एकच: पहिली एसटी, पहिला नंबर. रात्रभर झोपून, गाडीत बसून गेलेली बाई टवटवीतच दिसणार ना! दोन डॉक्टर झाले, दोघांनी कॅल्शियमच्याच गोळ्या दिल्या, आणि सगुणेनं वाडीभर सांगितलं की सून ढोंगी आहे.

तिसऱ्या खेपेला मैनेचं डोकंच फिरलं. "मी सकाळची येणार नाय. पापड लाटून, दमून येणार. तुमाला यायचं तर या!"

संध्याकाळी रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हात समोर धरून छताकडे बघायला सांगितलं. बघता बघता हात खाली आले, पापणी मिटली. सगुणा खुर्चीतून अर्धी उठली.

"कॅल्शियम भरपूर आहे हिच्यात," बाई म्हणाल्या. "पण स्नायू हलायचा तर त्याच्या आत ते मोकळं व्हावं लागतं, आणि त्यासाठी मज्जातंतूचा निरोप पोचावा लागतो. निरोप घ्यायच्या जागाच हिच्या शरीरानं अडवल्यात. विश्रांतीनंतर कसंबसं भागतं, काम केलं की निरोप तोकडा पडतो. रक्त तपासून औषध सुरू करू."

"म्हणजे ढोंग नाय?"

"नाही हो! श्वासावर आलं असतं तर जिवावर बेतलं असतं."

बाहेर पायरीवर मैनेचा बांध फुटला. "ढोंगी म्हणालात मला! वाडीभर..." एवढ्यात जीभ जड झाली, आवाज नाकात गेला, पुढचे शब्द निघेचनात. आजच्या दिवशीसुद्धा! संतापानं तिला रडू आलं.

सगुणेनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"गप ऱ्हव गो. आता नको बोलू. सकाळी भांड माझ्याशी, तेव्हा जोर असतो तुला. मी ऐकून घेईन."