‘पारा’वरून मी खोडलेली ओळ

संगमनेरात माझ्याबद्दल कौतुकानं बरंच बोललं जातं. ही गोष्ट त्यात नसते, कारण ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

आधी थोडा तोरा मिरवू द्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि एसटी स्टँडजवळ माझा इंटरनेट कॅफे होता. दोन कॉम्प्युटर, आणि लागला तर लागला असा फोन. त्यावर मी इंटरनेटवर ‘पार’ नावाचं पान सुरू केलं. तालुक्यातल्या कुणीही, मग तो गावात असो की दुबईत, तिथे काहीही लिहावं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. खरं नाव दिलंच पाहिजे असं नाही. आणि माझा नियम एकच — कुणाचं काही खोडायचं नाही. दर रविवारी आठवड्याचा सगळा मजकूर छापून मी कॅफेबाहेरच्या भिंतीवर डकवायचो, म्हणजे ज्यांनी कॉम्प्युटर पाहिलाही नव्हता तेही वाचायचे. पुढाऱ्यांची माणसं आली, दमदाटी करून गेली. मी हललो नाही. आजही छाती फुगते — का फुगू नये?

शैला पारावर स्वतःच्या नावानं लिहायची. बौद्ध वस्तीतली, एम.ए. झालेली, मुलींच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेणारी. आडनाव ऐकलं की गावात आम्हाला खोली मिळत नाही, असं तिनं सरळ लिहिलं. खाली कुणीतरी टोपणनावानं लिहिलं, की शिकवणीच्या नावाखाली हिच्याकडे पुरुष येतात.

ते मी छापलं. भिंतीवर लावलं.

ती आली. माझ्या म्हणण्यावर हवी तेवढी टीका ठेवा, म्हणाली, पण हे काढा. मी ऐटीत नियम ऐकवला. वर म्हणालो — पार तुझाही आहे, दे की उत्तर!

“कुणाला देऊ, दादा? त्याला नाव न्हाई. नाव फक्त मला हाय.”

मी काय केलं? चहा मागवला. तिनं घेतला नाही.

हळूहळू आयांनी मुली काढून घेतल्या, शिकवणी बसली. मोकळ्या बोलण्याची किंमत असतेच, असं मी चारचौघांत म्हणायचो. मला ती मोजावी लागत नव्हती ना!

मग एका दुपारी, कॅफेत कुणी नसताना, पारावर नवी ओळ आली. माझ्या धाकट्या बहिणीबद्दल — तिचं नाव, आमची गल्ली, आणि कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून ती कुठे जाते ते. तिचं लग्न ठरत होतं, मंडळी त्याच आठवड्यात घरी यायची होती. खरं की खोटं, मी तिला विचारलंही नाही. खोडली. तत्त्व आठवलं का? नाही हो. टेबलावर सांडलेला चहा पुसावा, तितक्या सहज.

लग्न थाटात झालं. मांडवात एका पाहुण्यानं माझ्या पाठीवर थाप मारली — “गडी लई खमक्या! सख्ख्या बापाचं आलं तरी खोडायचा न्हाई.” मी हसलो. बरं वाटलं — खोटं कशाला बोलू?

एवढ्यावर थांबलो असतो, तर मी स्वतःला केव्हाच माफ करून टाकलं असतं. पण त्या दुपारी शैलाबद्दलची ओळही त्याच पानावर होती, बरीच खाली. तीही तेवढ्याच सहज गेली असती. माझा हात तिच्यापर्यंत गेला — आणि थांबला. बहिणीबद्दलची ओळ नुकतीच आलेली, अजून कुणी पाहिली नव्हती. शैलाबद्दलची सगळ्या गावानं वाचली होती. ती गेली असती, तर मी खोडतो हे गावाला कळलं असतं.

शैला आईला घेऊन नाशिकला गेली. त्यानंतरही ती ओळ पारावर होती. आणि मी काही खोडत नाही यावर कुणी शंका घेतली, की मी त्याला पुरावा म्हणून तीच ओळ दाखवायचो.