तरंगलेला तुकडा

तिला सारी गल्ली धुरीवाली म्हणे. बाळंतिणीची खोली असो, आजाऱ्याचे अंथरूण असो की लोकरी कपड्यांची पेटी; शेगडी आणि अगरूच्या सुगंधी लाकडाच्या ढलप्यांची पुरचुंडी घेऊन ती दारात उभी राहिली की घरातली माणसे आपोआप हळू बोलू लागत. निखाऱ्यावर राखेचा थर पसरायचा आणि त्यावर ढलपी ठेवायची. लाकूड पेटता कामा नये, नुसते तापले पाहिजे. चाळीस वर्षे तिने एवढेच केले. पण त्यात कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही.

परक्या घरांत शिरून शिरून तिचा माणसांवरचा विश्वास मात्र उडाला होता. मृताच्या उशाशी जाळायला आणलेले उंची लाकूड त्याचेच वारस गुपचूप खिशात घालतात आणि त्याच्या जागी हलके ठेवतात, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. मेलेला तक्रार करीत नाही. म्हणून स्वतःच्या शेवटच्या दिवसासाठी, सासूने दिलेला अंगठ्याएवढा काळा तुकडा तिने फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी जपला होता. अस्सल लाकूड जड असते. हा तुकडा पाण्यात दगडासारखा तळ गाठी.

मोठ्या दुखण्यातून उठल्यावर दोन महिन्यांनी तिने तो वाटीभर पाण्यात सोडला. तुकडा तरंगला. फडक्याची गाठही तिच्या हातची नव्हती.

घरात ती, मुलगा आणि सून. मुलाला ट्रंक कुठे असते तेही ठाऊक नव्हते. तेव्हापासून तिची नजर सुनेच्या पाठीवरून हटेना.

"नव्या चपला वाटतं?"

"जुन्यांचा पट्टा तुटला, आई. ह्यांनीच आणल्या."

"असू दे, असू दे. बरे दिवस आलेत घराला."

आठवडाभर असे टोमणे मारून झाल्यावर एका सकाळी, सून भाजी चिरत असताना, तिने तरंगत्या तुकड्याची वाटी तिच्यापुढे आदळली.

"माझा तुकडा कितीला गेला गं?"

सुनेची सुरी थांबली. "विकला नाही. जाळला."

"कुणाच्या उशाशी?"

"तुमच्याच. तापात चार दिवस तुम्ही तोच मागत होतात. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना कळवा. मग मी शेगडी पेटवली."

"आणि मी मेले नाही."

"तीच तर पंचाईत झाली!" सुनेला रडता रडता हसू फुटले. "आता तुम्हाला काय दाखवू? म्हणून बाजारातला आणून ठेवला."

"गोष्ट छान रचलीस. मला तर त्यातलं काही आठवत नाही, म्हणजे साक्षीदारही नाही."

सून उठली. कपाटातून तिने घट्ट गुंडाळलेली एक शाल आणली, दुखण्यातली.

"ही धुतली नाहीस?"

"वास गेला असता."

लोकर खोटे बोलत नाही, हे धुरीवालीइतके कुणाला ठाऊक असणार? तिने शालीत तोंड खुपसले आणि बराच वेळ वर काढले नाही. आयुष्यभर तिने अदलाबदल तेवढी पाहिली होती. त्यामागचे कारण विचारायची तिला कधी गरज वाटली नव्हती. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या अंथरुणांना दिलेला तो वास प्रथमच तिच्या अंथरुणाचा होता.

"राख कमी पडली," ती शालीतूनच म्हणाली. "करपलंय. बस इथे, शिकवते."