कोपराचा कोन

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हणाले, "बाई, एल्बो जॉइंटचा टीबी आहे." एल्बो जॉइंट म्हणजे कोपराचा सांधा. टीबी म्हणजे क्षय, एवढं मला ठाऊक होतं. पण क्षय खोकणाऱ्याला होतो असंच आम्ही धरून चाललो होतो. तो हाडातही शिरतो, हे नगरच्या त्या मोठ्या दवाखान्यात पहिल्यांदा ऐकलं. ही मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षाची गोष्ट. मी सव्वीस वर्षांची होते. गाव तिसगावपासून दोन कोसांवर.

चूक आमचीच. उजवा कोपर सुजला तेव्हा लचक भरली म्हणून तेलानं चोळला. मग बिब्बा घातला. मग एका जाणत्याकडून डाग देऊन घेतले. सात महिने असे घालवले. आत हाड किडत होतं आणि आम्ही वरून कातडं भाजत होतो. तुमच्या घरात कुणाचा सांधा महिनाभर सुजून राहिला, तर आधी एक्स-रे काढा. जाणत्याला मागाहून खुशाल भेटा.

मग सुरू झालं स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयाचं इंजेक्शन. रोज एक. तिसगावला चालत जायचं, कंपाउंडरकडून टोचून घ्यायचं, चालत यायचं. कान गुणगुणायचे, बसायची पंचाईत व्हायची. पण एक दिवस चुकवला नाही. हट्टी म्हणून माहेरी मार खाल्लेली मी. तोच हट्ट इथं कामी आला.

सहा महिन्यांनी सूज उतरली, पण सांधा कामातून गेला होता. जरा हलला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टर म्हणाले, "आर्थ्रोडेसिस करू. हाडांची टोकं तासून एकमेकांना कायमची जोडायची. दुखणं थांबेल, पण कोपर पुन्हा कधी वाकणार नाही."

त्यांनी स्वतःचा हात पुढं करून समजावलं. कोपर दाराच्या बिजागरीसारखा उघडतो-मिटतो, ते बंद होईल. पण तळहात उताणा-पालथा होतो तो कोपराखालच्या दोन हाडांमुळं. त्यातल्या रेडियस नावाच्या हाडाचं वरचं टोक काढलं की ते फिरणं राहील. "उरलेलं खांदा आणि मनगट शिकतील," ते म्हणाले. मग आमच्या मालकांकडं वळून त्यांनी विचारलं, "हात कुठल्या कोनात धरायचा? एकदा जोडला की जन्मभर तसाच राहील."

मालक गोंधळले. बायकोच्या हाताचा कोन कुणी त्यांना आजवर विचारला नव्हता. टोपी सारखी करत म्हणाले, "तिलाच इचारा सायेब. हात तिचा हाय."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे पुढचे-मागचे पुष्कळ गुन्हे माफ केलेत.

डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी प्लास्टर घालून पंधरा-पंधरा दिवस दोन्ही कोन घरी वापरून बघायला सांगितले. पहिलं प्लास्टर काटकोनापेक्षा जास्त मिटलेलं. घास तोंडात जायचा, केस विंचरता यायचे. पण परातीपर्यंत हात जाईना, केरसुणी भुईला टेकेना. दुसरं जरा उघडं. त्यात भाकरी थापता आली, खुरपं मातीत गेलं, हंड्याच्या काठाला हात पुरला. पण घास हनुवटीखाली चार बोटांवर अडायचा. मान कितीही वाकवली तरी तोंड आणि हात यांची गाठ पडेना.

म्हणजे जेवणारा हात हवा की काम करणारा, एवढाच सवाल होता. त्या महिनाभरात मी ओसरीवर बसून खूप रडले, हेही सांगते. उगीच शूरपणा मिरवत नाही.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचा निकाल तयार होता. "डाव्या हातानं जेवनारी सून? पंगतीत लोक त्वांडात शेन घालतील. त्यो जवळचा कोन घे."

मी म्हटलं, "घेते की. उजव्या हातानं जेवीन. पन भाकरी रोज तुमी थापायची. चालंल का?"

आत्याबाई उठून गोठ्यात गेल्या. मी डॉक्टरांना उघडा कोन सांगितला.

ऑपरेशन झालं. चार महिने प्लास्टरात गेले. ते कापलं तेव्हा हात काडीसारखा निघाला. पण एक्स-रेत दोन हाडांचं एक झालेलं दिसलं. पहिली भाकरी तव्यावर जाण्याआधीच फाटली. कोपराचं काम खांद्याला शिकवायचं, तर खांदा संध्याकाळपर्यंत भरून यायचा. तरी रोज थापली. दुष्काळात रस्त्याच्या कामावर मुरमाच्या पाट्याही उचलल्या. पंगतीत डाव्या हातानं जेवले. लोक बघायचे, मी भात मागून घ्यायची. डोळ्यांनी बघून कुणाचं पोट भरत नाही, हे मला कळलं होतं.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांपुढं लाजू नका. दिवसभर हात कुठं-कुठं जातो ते आधी बघा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा. माझा हात राहिला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात आत्याबाईंना तापानं गाठलं. उठून बसवेना, ताट धरवेना. मी भाकरी दुधात कुस्करली, त्यांच्यापुढं बसले आणि उजव्या हातानं घास उचलला. माझ्या तोंडाशी कधीच न पोचणारा तो हात त्यांच्या तोंडाशी बरोबर पोचला. ना चार बोटं कमी, ना जास्त. आम्ही दोघीही त्या हाताकडं बघत राहिलो.

त्यांनी घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

तिसऱ्याला म्हणाल्या, "मीठ कमी हाय गं."