उंबऱ्याबाहेरची हाक

बंदुकीच्या तेलाचा वास मला अजूनही द्राक्षांबरोबरच आठवतो. सैन्यातून निवृत्त झाल्यावर बाबा इंदिरानगरातल्या एका बँकेत पहारेकरी होते. रविवारी सकाळी गॅलरीत सतरंजी अंथरून ते आपली दुनळी बंदूक पुसत, साबणाने हात धूत आणि हंगाम असला की द्राक्षांचा घड माझ्यापुढे धरीत. त्या गोडव्याखाली धातूचा, किंचित कडवट असा गंध रेंगाळत राही. मला तो बाबांचाच गंध वाटे.

आमच्या घरात दार सताड उघडे असले तरी कुणी थेट आत येत नसे. बाहेरून "मी आहे" म्हणायचे, आतून उत्तर आले की मगच पाऊल टाकायचे. आई थट्टा करी, की इथे मांजरसुद्धा विचारून दूध पिते. हे वळण युद्धातले, हे बाबांनी मला फार उशिरा सांगितले. शत्रूच्या खंदकात शिरताना छऱ्यांची बंदूक घेऊन ते सर्वांत पुढे असत. तिथल्या अरुंद, अंधाऱ्या वळणांवर नेम धरायला उसंत नसते. छर्रे फाकतात, समोर असेल त्याला गाठतात. तो आपला की परका, हे त्यांना कळत नाही. म्हणून मागून येणारा सोबती आधी हाक देई आणि बाबांचा होकार येईपर्यंत जागच्या जागी थांबे. त्या होकारावर माणसे जिवंत परतली, एवढेच बोलून ते घडातले टपोरे मणी माझ्यासाठी निवडू लागले.

या हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने त्यांची वाचा गेली. आई म्हणाली, आता कसली हाक, सरळ आत जात जा. मला ते जमेना. हाक थांबवली असती, तर त्यांचा शब्द कायमचा संपला हे मीच मान्य केल्यासारखे झाले असते. रोज दुपारी मी उंबऱ्याशी थांबून "बाबा, मी आहे" म्हणे. चादरीवर त्यांचा डावा हात हलला, की आत जाई.

द्राक्षे बाजारात आली त्या सुमारास डॉक्टरांनी वाचा परत येण्याची फार आशा धरू नका म्हणून सांगितले. त्याच दुपारी सोललेल्या द्राक्षांची वाटी घेऊन मी दाराशी उभी राहिले, आणि माझाच आवाज फुटेना. वाटीचा गारवा तेवढा तळव्यात झिरपत होता. बाबांनी मान कलती केली. ओठ वाकडे झाले, घशात काहीतरी घासत, अडखळत वर आले.

"ये."