बफरिंगकाका आणि भट्टीशेठचा आवाज

बफरिंगकाकांचं खरं नाव विजेच्या बिलावर छापलेलं असतं. बिल भरायला काकू जातात, त्यामुळे ते नाव खुद्द काकांच्या लक्षात असेल याची खात्री देता येत नाही. हे दुसरं नाव गल्लीतल्या पोरांनी दिलं, ते त्यांच्या बोलण्यावरून. काका वाक्य सुरू करतात आणि मधेच थांबतात. तोंड उघडं, नजर छताकडे, एक बोट हवेत. समोरच्याने समजून घ्यायचं की चक्र फिरतंय, पुढचं येणार आहे. नवखा माणूस घाबरून पाणी आणायला धावतो. जुना माणूस तेवढ्यात चहा पिऊन घेतो. काकूंचं नेमकं उलट, त्यांना स्वल्पविरामसुद्धा माहीत नाही. एकाच्या खोळंब्यात दुसरीचं सगळं बोलून होतं, म्हणून तर संसार सुरळीत चालला.

दुकान एकच, धंदे दोन. पुढच्या बाजूला काकू शिलाई मशीनवर लोकांचे कपडे आत घेतात, सैल करतात, उंची कमी करतात. पडद्यामागच्या खोलीत काका सिनेमे आत घेतात. हे वाक्य काकूंचं आहे आणि त्यात चूक काहीच नाही.

काका एकेकाळी समारंभांचं शूटिंग करायचे. जडशीळ कॅमेरा वर्षानुवर्षं वाहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला, तो गेलाच. पुढे फोनमध्ये कॅमेरे आले, घरटी एक शूटिंगवाला झाला आणि काकांना नवं काम शोधावं लागलं. ते सापडलं ब्लू-रे नावाच्या तबकडीत. ही दिसते साध्या डीव्हीडीसारखी, पण पोटात पाच-सहा डीव्हीडींचा ऐवज. चित्र असं लख्ख की माणसाच्या नाकावरचा तीळही आपली वेगळी ओळख करून देतो. लोकांनी हौसेने आपले समारंभ तिच्यावर उतरवून घेतले. मग तिचा प्लेअर बिघडला, दुरुस्त करणारा मिळेना, आणि घरात उरला जुना डीव्हीडी प्लेअर. नाकापेक्षा मोती जड. मग लोक तबकडी घेऊन काकांकडे येत, आणि काका ती एका सॉफ्टवेअरमध्ये घालून, पुन्हा नव्याने बेतून, साध्या डीव्हीडीत मावेल एवढी करून देत.

त्या सॉफ्टवेअरला ते ‘शिंपी’ म्हणत. शिंपी लहरी होता. कधी अर्ध्यावर काम टाकून बसे, कधी एक ओळभर कारण देऊन बंद पडे. पण काकांना त्याची नाडी कळत असे. शिंपी काम करताना जी नोंद लिहीत जातो ती काका खालून वर वाचत. ‘भांडण कुठे झालं ते शेवटच्या वाक्यात... कळतं,’ असं ते म्हणत. जगभरातल्या अनोळखी माणसांनी इंटरनेटवर मांडलेल्या शिंप्याच्या तक्रारींनाही ते उत्तरं लिहीत. लिहिताना मात्र ते एकदाही अडकत नसत.

बेकरीवाल्या वहिनी आल्या त्या दिवशी काकू कुणाच्या तरी विजारीच्या कमरेशी झटापट करत होत्या.

‘भाऊ आहेत का आत?’

‘आहेत. पण बोलायला लावू नका, मला संध्याकाळी लवकर बंद करायचंय.’

वहिनींनी पिशवीतून तबकडी काढली. तिच्यावर मैद्याचा थर होता आणि कडेला तेलाचं बोट. त्यांचा नवरा, म्हणजे कोपऱ्यावरच्या बेकरीचा मालक, भट्टीशेठ. हे नाव त्याला पाव भाजतो म्हणून मिळालेलं नव्हतं. त्याची जीभ भट्टीपेक्षा गरम होती. पाव दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो असा काही सोलून काढायचा की माणूस दोन पाव जास्तीचे घेऊन जायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा. मग त्याच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, माणूस वाचला, आवाज गेला. आता तो गल्ल्यावर बसून हातातला चिमटा काउंटरवर आपटतो. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि सलग आपटला तर समोरच्याने काय ते समजून घ्यावं.

‘पोरीने कॉलेजात असताना एका दिवसाचं शूटिंग केलं होतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘पीठ मळण्यापासून दुकान बंद होईपर्यंत. मग स्टुडिओतून ही तबकडी करून घेतली, पण लावून बघायच्या आतच प्लेअर बिघडला. यांचा आवाज कुठे उरलाय तर तो फक्त त्यात. भाऊ, मला तो आवाज पाहिजे. घरात कुणी ओरडतच नाही हो आता. पावसुद्धा फुगायला लाजतात.’

काका छताकडे बघत म्हणाले, ‘वहिनी, काळजी...’

वहिनी थांबल्या. काकूंनी एक शिवण पुरी केली.

‘...करू नका.’

काम सुरू झालं आणि शिंपी अडला. दर वेळी त्याच जागी, साधारण पाऊण काम झाल्यावर. काकांनी शिंप्याची नवी आवृत्ती घालून पाहिली, मग जुनी घातली. कामाचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेला. अँटिव्हायरस बंद केला. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेवटी त्यांनी ड्राइव्हला कान लावला, आणि त्या जागेवर आल्यावर आतून खर्र-खर्र ऐकू आलं. तबकडी बाहेर काढून टेबलाच्या काचेवर ठेवली, तर तिची एक कड किंचित उचललेली.

‘कुठे ठेवली होती हो ही?’ त्यांनी वहिनींना फोनवर विचारलं.

‘सुरक्षित जागी! भट्टीच्या मागच्या फळीवर. तिथे कुणाचा हात पोचत नाही.’

म्हणजे दोष शिंप्याचा नव्हताच, कापडच वाकडं होतं. काकांनी ड्राइव्हचा वेग अगदी कमी केला. सावकाश, अडखळत, पण तबकडी शेवटापर्यंत वाचली गेली. शिंप्याने काम संपवलं आणि काकांनी लावून दिलेल्या सवयीप्रमाणे तबकडीवरून उतरवून घेतलेला अवाढव्य कच्चा माल पुसून टाकला. काकांनी नवी डीव्हीडी कागदी पाकिटात घातली आणि स्वतः पोचवायला निघाले. हे ते सहसा करत नसत.

बेकरीच्या मागच्या खोलीत टीव्ही लागला. भट्टीशेठ चिमटा मांडीवर ठेवून बसला, वहिनी दारात. चित्र आलं, सुरेख. पिठाचा ढग उडाला, भट्टीशेठ तेव्हाचा, जाडजूड, कॅमेऱ्याकडे बोट रोखून काहीतरी सुनावत होता. आणि आवाज? मंजुळ पियानो. भट्टीशेठचा जबडा हलत होता, गळ्याच्या शिरा फुगत होत्या, आणि त्यातून पियानो निघत होता.

वहिनींनी रिमोटने आवाज वाढवला. पियानो मोठा झाला.

भट्टीशेठने टीव्हीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि चिमटा दोनदा आपटला.

काका दुकानात परतले ते रस्त्यातल्या खड्ड्यांना विचारत, की आवाज गेला कुठे. आल्या आल्या त्यांनी शिंप्याची नोंद काढली. या वेळी शेवटची ओळ ‘काम यशस्वी’ अशी होती, म्हणून मुकाट्याने वरून वाचावं लागलं. आणि अगदी वरच सापडलं. तबकडीवर आवाजाच्या दोन पट्ट्या होत्या. ज्या स्टुडिओने ती बनवली, त्यांनी शेठची भाषा पाहुण्यांसमोर लावण्याजोगी नाही असं ठरवून पहिल्या पट्टीवर पियानो घातला होता आणि मूळ आवाज दुसऱ्या पट्टीवर ठेवला होता. सिनेमांच्या तबकड्यांवर दुसरी पट्टी बहुतेक वेळा परक्या भाषेची असते. ती ठेवली तर चित्राला जागा कमी पडते. म्हणून काका ती न ऐकताच काढून टाकत. हात आपोआप जायचा आणि त्या पट्टीपुढची बरोबरची खूण पुसायचा. तसाच याही वेळी गेला होता. शिंप्याने त्यांचं ऐकलं, एवढाच काय तो शिंप्याचा गुन्हा.

‘अगं,’ ते पडद्याबाहेर येऊन म्हणाले, ‘मी शेठचा आवाज...’

काकूंनी मशीन थांबवलं.

‘...कापून टाकला.’

‘कापला? मी आजवर कुणाचं कापड कापून टाकलंय का? आत दुमडते मी, शिवणीत माया ठेवते, उद्या माणूस जाड झाला तर उसवता यावं म्हणून. पाहुणा न बघता दार लावायचं ही कुठली पद्धत? आता असे खांबासारखे उभे काय राहिलात, मूळ तबकडी आहे ना? ती लावा पुन्हा!’

ती लावली. या वेळी वेग कमी करूनही ड्राइव्हने तिला ओळखच दाखवली नाही. फिरवली, खर्र केलं, आणि जीभ बाहेर काढावी तशी बाहेर ढकलली. काकांनी पुसली, पुन्हा लावली. पुन्हा जीभ. काका खुर्चीत बसले, आणि त्यांचं चक्र जे फिरायला लागलं ते थांबेचना. काकूही गप्प झाल्या. असा प्रसंग त्या दुकानाने क्वचितच पाहिला असेल.

मग काकूच म्हणाल्या, ‘कॉलर उचलून बसली तर मी काय करते?’

‘काय?’

‘वजनाखाली ठेवते आणि तिच्याकडे बघत नाही.’

काकांनी तबकडी घेऊन बेकरीत जाऊन सगळं सांगितलं, कुणाची चूक तेही. इतकं मोठं वाक्य त्यांनी एका दमात क्वचितच म्हटलं असेल. भट्टीशेठने ऐकून घेतलं. चिमटा उचलला. काकांनी डोळे मिटले. चिमटा खाली आलाच नाही. शेठ उठला आणि बिस्किटांच्या कपाटातल्या दोन काचा काढून आणल्या. मऊ कापडात गुंडाळलेली तबकडी त्या काचांमध्ये ठेवून वर मैद्याची गोणी टाकली. वहिनी येता-जाता गोणीकडे बघत, आणि शेठ चिमटा दोनदा आपटून त्यांना हाकलत असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उघडली. कड पूर्ण बसली नव्हती, पण नरमली होती. काकांनी ड्राइव्ह थंड होऊ दिला, वेग तळाला नेला आणि शिंप्याला सांगितलं, की जिथे वाचता येणार नाही तिथे रडत बसू नकोस, तेवढं सोड आणि पुढे हो. दोन्ही पट्ट्यांवर खूण केली. कच्चा माल पुसायची खूण स्वतःच्या हाताने काढली. मग ड्राइव्हशेजारी खुर्ची ओढून बसले, जसं आजाऱ्यापाशी बसतात.

बेकरीच्या मागच्या खोलीत पुन्हा टीव्ही लागला. पिठाचा ढग उडाला, बोट कॅमेऱ्याकडे वळलं, आणि खोली दणाणली.

‘ए शहाण्या! पाव आहे तो, उशी नाही! दाबून काय बघतोस? झोपायचं असेल तर...’

चित्र गोठलं. भट्टीशेठ तोंड उघडं, बोट हवेत, असा थांबला. शिंप्याने न वाचता सोडून दिलेला पहिला तुकडा आला होता. सगळ्यांची नजर टीव्हीवरून हळूच काकांकडे वळली, कारण ही मुद्रा त्यांच्या चांगली ओळखीची होती.

‘...तर घरी जा, बायको वाट बघतेय!’ दारातून वहिनींनी वाक्य पुरं केलं. पाठ होतं त्यांना.

चिमटा एकदा वाजला.

चित्र पुढे सरकलं. शेठ ओरडला, अडला, वहिनींनी जोडून दिलं. एका जागी त्यांनी जोडलेलं चुकलं, तेव्हा चिमटा दोनदा वाजला. शेठने ओठांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, ते कुणाला कळेना, आणि शेवटी तो इतका हसला की डोळे पुसायला पिठाचाच हात गेला. वहिनी हसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. कुणी ओरडत होतं घरात.

आता तो टीव्ही आणि प्लेअर बेकरीच्या काउंटरवरच असतात. कुणी पाव दाबला की शेठ चिमटा आपटतो आणि वहिनी बटण दाबतात. इकडे काका दुसरी पट्टी ऐकल्याशिवाय कुणाचंही काम हातात घेत नाहीत. त्यामुळे त्यांची कामं रखडतात, आणि काकूंना बोलायला नवा विषय मिळाला आहे.

परवा काका स्वतः पाव घ्यायला गेले होते. पुढच्या नवख्या गिऱ्हाइकाने पाव दाबला, आवाज दणाणला, ‘झोपायचं असेल तर...’ आणि अडला. वहिनी बटण दाबून आत गेल्या होत्या. गिऱ्हाईक बावरून काकांकडे वळलं.

‘पुढे काय म्हणतायत ते?’

‘ते म्हणतायत,’ काका सुरू झाले, ‘की झोपायचं असेल तर...’

बोट हवेत, नजर छताकडे.

टीव्हीत एक थांबलेला, टीव्हीबाहेर एक थांबलेला. भट्टीशेठने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि सलग चिमटा आपटायला सुरुवात केली.