खानसाम्याचा प्रवेश

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी परदेशात, हॅरिस पार्क या उपनगरातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तीन माणसं राहत होती आणि चौथा एक ब्रिटिश नट. नट प्रत्यक्षात इंग्लंडात स्वतःच्या घरी होता, पण माझ्या सासऱ्यांच्या तोंडून तो आमच्याकडे सकाळच्या चहापासून मुक्कामाला असायचा.

बाबा, म्हणजे माझे सासरे, तीन महिन्यांसाठी आले होते. आई पुण्यातच थांबल्या, कारण त्यांच्या शिकवणीच्या मुलांची दहावी होती. परीक्षा आटपली की येते, म्हणाल्या. मग सगळ्या जगाची दारं बंद झाली. बाबांचा व्हिसा वाढत गेला, तिकिटं रद्द होत गेली. पुण्यात दुसरी लाट आली तेव्हा आई तिकडे एकट्या आणि आम्ही इकडे हात चोळत बसलेलो. नवरा डायनिंग टेबलावर मीटिंगमध्ये, मी बेडरूममध्ये सॉफ्टवेअर टेस्ट करत, आणि मधे बाबा. मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. बाल्कनी ते दार, दार ते बाल्कनी. वर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालायचं. मला कधीकधी इतका जीव घुसमटल्यासारखा व्हायचा की कपाटात तोंड घालून ओरडावंसं वाटे.

त्यात हा नट. तरुणपणी टीव्हीवर खलनायक, मग एका युद्धपटाने नाव झालं, मग स्वतःच दिग्दर्शक झाला आणि स्वतःच्याच सिनेमात हिरोही. त्याचा कॅमेरामन म्हणजे पहिल्या बायकोचा भाऊ. घटस्फोट झाला, पण मेव्हणा सोडला नाही. दुसरी बायको त्याच्या तीन सिनेमांत त्याची आई झाली होती म्हणे. कोण कुणाचा कोण, हे बाबा असं सांगायचे की मला वाटे, उद्या यांच्याकडचं लग्नाचं आमंत्रण येणार. मी एकदा वैतागून म्हटलंही, "बाबा, आमच्या घराण्याची एवढी माहिती आहे का तुम्हाला?"

"आपल्या घराण्यात सांगण्यासारखं काय आहे?" बाबा म्हणाले. नवरा म्यूटवर हसला.

या सगळ्याचं मूळ मला लग्न झाल्याझाल्या कळलं होतं. तो नट दिग्दर्शक म्हणून पाचगणीला शूटिंगला आला होता, तेव्हा बाबा टपाल खात्यात होते आणि हौशी नाटकं करायचे. डाकबंगल्याच्या खानसाम्याचं काम त्यांना मिळालं. चहाचा ट्रे घेऊन दारातून आत यायचं आणि म्हणायचं, साहेब, घोडा तयार आहे. एवढंच. पण बाबा रंगमंचावर वाढलेले. आत पाऊल टाकण्याआधी खाली वाकायचं, फळीला हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा, ही सवय हाडात मुरलेली. कॅमेरा सुरू असताना, डाव्या हातावर ट्रे तोलत, ते उंबऱ्याशी वाकले. सगळे ओरडले. पुन्हा टेक घेतला, पुन्हा वाकले. नटाने शूटिंग थांबवून कारण विचारलं. बाबांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, असंच ठेवा.

बाबांनी सुट्टी काढून अख्ख्या टपाल कचेरीला, आळीला आणि नव्याकोऱ्या सासुरवाडीला सिनेमाला नेलं. पडद्यावर दार उघडलं, आणि पुढच्या क्षणी साहेब घोड्यावर. घोडा तयार असल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही.

त्यानंतर जन्मभर ही चेष्टा. बाबांनी काहीही सांगितलं की त्यांचे मेव्हणे विचारत, "आणि हेही कापलं का?" बाबा हसून घालवत. आई मात्र त्यावर कधी चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि बाबांच्या जिवाला तेच लागलं होतं. त्या जूनमध्ये भाजी निवडताना मला म्हणाले, "बाकीच्यांचं सोड गं. तिला वाटतं मी थाप मारली. आता भेट होते की नाही कोण जाणे, निदान हे तरी तिला पटायला हवं होतं." मी शेंगा मोडत राहिले.

म्हणून जेव्हा मला दिसलं की इंग्लंडातली एक छोटी फिल्म सोसायटी त्या म्हाताऱ्या नटाशी ऑनलाइन गप्पा ठेवतेय, प्रश्न विचारता येणार आहेत, तेव्हा मी लगेच बाबांचं नाव घातलं.

कार्यक्रम आमच्या संध्याकाळी होता. त्याच दिवशी सकाळी एअरलाइनचा मेल आला, बाबांचं पुढच्या आठवड्याचं परतीचं विमान रद्द. बाबांनी तो वाचला आणि म्हणाले, "आईला आज सांगू नका." मग दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, प्रश्न इंग्रजीत पाठ केला.

स्क्रीनवर तो नट खुर्चीत रेलून बसला होता, कंटाळलेला. तेच तेच प्रश्न, तीच उत्तरं. बाबांची पाळी आली, आमचा कॅमेरा सुरू झाला, आणि बाबांची खुर्ची रिकामी. बाबा टेबलाच्या कडेला थांबले होते. खाली वाकले, आमच्या मळक्या कार्पेटला बोटं लावली, कपाळाला नेली. मी दबक्या आवाजात खेकसले, "बाबा, पुरे हो, लाइव्ह आहे."

बाबा खुर्चीत बसले. तो नट पुढे झुकला होता. "ट्रे कुठे आहे?" त्याने विचारलं.

बाबा पाठ केलेला प्रश्न विसरले. मग तोच बोलला. त्या सीनमध्ये खिडकीपाशी मी उभा होतो, म्हणाला, चांगलं काम करत होतो. पण एडिटिंगला जो बघेल तो तुमच्याकडेच बघे. मी दिग्दर्शक होतो, पण आधी नट होतो. मीच म्हटलं, काढून टाका. "चांगला होता तो सीन," तो म्हणाला. "मला माफ करा."

बाबा हसले. दीड वर्षात मी त्यांना असं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. माझे आणि नवऱ्याचे डोळे भरून आले होते, आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

लगेच पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. तिकडे दुपार होती. बाबांनी सगळं सांगितलं, ट्रेपासून माफीपर्यंत, दोनदा. आईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"अहो, मला तेव्हाच ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही आमच्या घरी मला बघायला आलात, तेव्हाही उंबऱ्याशी वाकला होतात. मी आतून पाहिलं होतं. खोटं कशाला वाटेल मला?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" आई म्हणाल्या. "ते राहू दे आता. आपल्या दारातून आत कधी येताय, तेवढं सांगा. पुढच्या आठवड्याचं पक्कं आहे ना?"

फोन माझ्या हातात देऊन बाबा बाल्कनीकडे गेले. "हॅलो," आई म्हणत होत्या, "अहो, ऐकताय ना?"